दहापैकी नऊ

दुपारी चारच्या सुमाराला मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, ओट्यावर सकाळपासून राहिलेला संत्र्याच्या रसाचा ग्लास दिसला, आणि पाण्याऐवजी त्यातलंच घोटभर प्यायलो. एवढंच झालं. उरलेलं मोरीत ओतायचं माझ्या जिवावर येतं. ही सवय बायकोची, ती गेल्यावर माझ्या गळ्यात पडली. घोट जिभेवरून पुढे गेला तेव्हा काही वाटलं नाही. मग जिभेच्या पार मुळाशी कडूपणा उमटला. आधी नुसती शंका यावी इतका, मग शंका उरू नये इतका. मी ग्लास खाली ठेवला आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून उभा राहिलो, रसाच्या कारखान्यात चव घेताना उभा राहतो तसा. हा कडूपणा माझ्या चांगल्या ओळखीचा. सालीचा कडूपणा तोंडात जाताक्षणी चावतो. बी चिरडली गेली तर तो टोचरा असतो. हा मात्र उशिरा येणारा. रस पिळताना तो नसतोच, पिळून ठेवला की तासातासाने तयार होत जातो, आणि एका ठरावीक जातीच्या संत्र्यात तर हमखास. सकाळी दहा वाजता हा रस गोड होता. माझ्या लेकीने पिळला होता, माझ्याच ओट्यावर, माझ्या डोळ्यांदेखत. तोच रस तीन मोठ्या बाटल्यांत भरून ती घेऊन गेली आहे, आणि आज संध्याकाळी सात वाजता त्याचे ग्लास भरून वीस माणसांपुढे जाणार आहेत. त्या वीस माणसांच्या तोंडाकडे बघून बारचा मालक ठरवणार आहे की नव्या जागेचा काउंटर हिच्या हाती द्यायचा की नाही.

मी कचऱ्याचा डबा ओढून साली वर काढल्या. पिळून चिपाड झालेल्या अर्ध्या अर्ध्या वाट्या. एक उलटी केली, बुडाला बेंबी. दुसरी उलटी केली, बेंबी. जिथे बेंबी दिसत नव्हती तो वरचा अर्धा भाग होता, म्हणजे त्याचा जोडीदार शोधला की झालं. अठरा संत्री, अठरा बेंब्या. कारखान्यात आम्ही त्यांना बेंबीवालीच म्हणतो. दिसायला देखणी, सोलायला सोपी, बी नाही, खायला मधासारखी. पिळून लगेच प्यायलात तर हिच्यासारखं दुसरं संत्रं नाही. पिळून ठेवलात की तिने दगा दिलाच म्हणून समजा, आणि त्यात लिंबू पडलं की आणखी लवकर. एकतीस वर्षांत बेंबीवालीची एक पेटी माझ्या तावडीतून आत गेली नाही. फाटकावर ट्रक उभा राहिला की मी नुसता जवळून जायचो आणि हात हलवायचो, परत न्या. ट्रकवाला शिव्या घालायचा, साहेब हसायचे. कारखान्यात मला माझ्या नावाने कोणी हाक मारत नाही, ‘नाक’ म्हणतात. नाक आले का, नाकाला विचारा, नाक आज रजेवर आहे. मला त्यात कमीपणा कधीच वाटला नाही. उलट मी ते नाव मिरवलं.

पण मी बेंबी बघून कधीच काही ओळखलं नाही, आणि आज घोटाळा झाला तो तिथेच. आमच्या धंद्यात चव घेणारा माणूस बघत नसतो. लाकडी फळ्यांची खोपटं असतात, एका माणसापुरती, आणि वर लाल दिवा. त्या उजेडात सगळे रस एकाच रंगाचे दिसतात, म्हणजे रंगाला भुलून कोणी जास्त मार्क देऊ नये. समोरची झडप सरकते, आकडे टाकलेले सहा पेले आत येतात, हुंगायचं, घोट फिरवायचा, थुंकायचं, आणि कागदावर दहापैकी मार्क लिहायचे. बोलायचं नाही. लिहिलेला आकडा बदलायचा नाही. अगदीच बदलायचा झाला तर ज्याने लिहिला त्यानेच त्यावर आडवी रेघ मारायची आणि बाजूला सही करायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. एकतीस वर्षांत मी अशी सही पाच-सात वेळा केली असेल. आठ मार्क दोनदा दिले. नऊ कधीच नाही. आणि डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही ही सवय हाडात इतकी मुरली की घरी जेवतानासुद्धा पहिला घास मी डोळे मिटून घेतो. बायको म्हणायची, तुमच्यापुढे ताट ठेवायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं वाटतं हो. मी डोळे उघडायचो आणि खरंच काहीतरी सांगायचो. दूध उद्या नासणार. तेल बदललंस. विळी लसणाची होती. तीस वर्षांत तिने काही चांगलंही केलं असेलच की. ते मी सांगितल्याचं मला आठवत नाही, आणि आता आठवून उपयोगही नाही.

तर आज सकाळीसुद्धा मी डोळे मिटले. फरक इतकाच की नाकही बंद होतं. आठ महिन्यांपासून मला वास येत नाही. हिवाळ्यात ताप आला, चार दिवस अंथरुणात होतो, पाचव्या दिवशी चहा टाकला आणि वाटलं पावडर विसरलो. पावडर होती. मग साबण हुंगला, मग रॉकेलची चिंधी, मग वेड्यासारखा घरभर फिरून चपला, उशी, बुटांचं पॉलिश, काय सापडेल ते नाकाला लावत सुटलो. डॉक्टर म्हणाले, येतो कधीकधी परत, वाट बघायची. त्यांना काय जातंय सांगायला. जीभ शाबूत आहे. आंबट, गोड, खारट, कडू कळतं. पण चव म्हणजे काही एवढंच नसतं. चव म्हणजे नव्वद टक्के नाक, हे मीच नव्या पोरांना सांगत आलो. आता माझ्यासाठी संत्रं आणि साखर घातलेलं लिंबाचं पाणी यांत फरक नाही. दूध करपलं तर धूर दिसल्यावर कळतं. गॅस बंद आहे की नाही हे बघायला मी तीनतीनदा उठतो. आणि कपाटात खालच्या कप्प्यात बायकोचा एक स्वेटर होता, न धुतलेला. महिन्यातून एकदा, कोणी बघत नाही ना याची खात्री करून, मी तो उघडायचो. हे सांगताना लाज वाटते, पण खरं आहे. तिच्या डोक्याच्या तेलाचा आणि किंचित घामाचा वास होता त्याला. चार वर्षांत तो विरत गेला होता, पण शोधला की सापडायचा. आता तो नुसता राखाडी स्वेटर आहे, कोपराला उसवलेला. वास त्यात अजून असेल. मला मिळत नाही. हे त्याहून वाईट आहे.

कारखान्यात मी हे कोणाला सांगितलेलं नाही. निवृत्तीला दीड वर्ष आहे आणि नाक गेलेल्या ‘नाका’ला कोण ठेवून घेईल? माझ्या शेजारच्या खोपटात एक चष्मेवाली बसते. सात वर्षांपूर्वी मीच तिला तयार केलं. पहिल्या महिन्यात मी तिला दोनदा रडवलं होतं. फळीला मधे एक फट आहे. ताप उतरून मी कामावर आलो त्या पहिल्या आठवड्यात मनाला येईल तो आकडा लिहीत होतो. मग एक दिवस त्या फटीतून मला तिचा कागद दिसला. कागद तिने माझ्या बाजूला तिरका करून ठेवला होता, आणि आकडे नेहमीपेक्षा मोठे काढले होते. तेव्हापासून रोज कागद तिरका असतो. आम्ही यावर अवाक्षर बोललेलो नाही. ती मला अजून ‘सर’ म्हणते. कधीकधी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याकडे बघते आणि मी पटकन डब्यात डोकं घालतो. ज्या माणसाने दुसऱ्याच्या अर्ध्या मार्कासाठी दिवसदिवस वाद घातला, तो आज उत्तरं चोरून पोट भरतोय. चांगली जिरली, असं माझं मलाच वाटतं.

आणि अशा माणसाकडे माझी लेक दोन वर्षांनी आली. फोनवर आधी नुसतं म्हणाली, “बाबा, ते लोखंडी प्रेस अजून आहे का घरी?” दांडा ओढून रस काढायचं ते जड यंत्र, कारखान्याने भंगारात काढलं तेव्हा मी उचलून आणलेलं. म्हटलं, आहे. म्हणाली, “मग रविवारी सकाळी येऊ का? जास्त रस काढायचाय, आमच्याकडचा ज्युसर बिघडलाय.” ज्युसर बिघडलेला नव्हता, हे मला फोनवरच कळलं, तेवढं कळायला नाक लागत नाही. दोन वर्षांपूर्वी तिने ऑफिसातली नोकरी सोडून बारच्या काउंटरमागे उभं राहायचं ठरवलं तेव्हा आमचं वाजलं होतं. सगळ्यांना वाटलं, बापाला दारूचं वावडं. मला कसलं वावडं? मी स्वतः रोज एक पेग घेत आलोय. मी तिला वेगळंच म्हणालो होतो. ती उत्साहाने सांगत होती, बाबा, तुमचंच काम आहे हे एका अर्थी, वास आणि चव, आणि मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो, “या धंद्याला नाक लागतं, ठकू. तुला नाक नाही.” तिने बॅग उचलली. दार आपटलंसुद्धा नाही. नंतर पेपर वाचताना मला वाटलं होतं, खरं तेच तर बोललो. खरं होतं का? नऊ वर्षांची असताना तिने मला पहिल्यांदा लिंबूपाणी करून आणलं होतं, दोन्ही हातांत पेला धरून, सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढून. मी डोळे मिटून घोट घेतला आणि म्हणालो, बी चिरडली गेलीय. ती आत गेली, नवीन लिंबू कापलं आणि शिवणाची सुई घेऊन एकेक बी काढत बसली. अर्ध्या तासाने दुसरा पेला घेऊन आली. त्याचं मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. बहुतेक म्हणालो असेन, साखर कमी आहे.

सकाळी ती आली तेव्हा केस कापलेले होते, बोटांना चिरा पडलेल्या, लिंबू कापून कापून पडतात तशा. वाकून नमस्कार नाही, गळाभेट नाही, पिशवी ओट्यावर ठेवून तिने सरळ बाह्या सरसावल्या. मी खुर्ची ओढून दारात बसलो. संत्री तिने धुतली, कापली, प्रेसवर ठेवली. दांडा ओढताना ती सगळं अंग त्यावर टाकत होती, आणि मी सवयीने म्हणालो, “इतका दाब नको देऊस, सालीचं पांढरं उतरतं.” तिने दांडा थोडा सैल केला. दुसऱ्या कोणी असं ऐकलं नसतं. मला बरं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली. ती बोलत होती, नव्या जागेबद्दल, मालकाबद्दल, तो कसा स्वतः काही पीत नाही पण पाहुण्यांच्या तोंडाकडे बघतो, वीस जण येणार आहेत, प्रत्येक ग्लासाला ताजं पिळत बसता येत नाही, म्हणून रस, लिंबू आणि साखरेचा पाक एकत्र करून बाटल्या बर्फात ठेवायच्या, आयत्या वेळी फक्त जिन आणि साल. “हे माझं स्वतःचं आहे बाबा. कुठून उचललेलं नाही. चार महिने करतेय.” मी मान हलवत होतो. संत्री समोर होती. कापायच्या आधी टोपलीत दहा मिनिटं होती. एकदा वाकून बुडाकडे बघितलं असतं तर संपलं असतं. मी तिच्या हातांकडे बघत होतो. आईसारखे हात आहेत, अंगठा बाहेर वळलेला.

मग तिने माझ्यासाठी एक ग्लास केला. मापाने जिन, मग बाटलीतला रस, बर्फ, झाकण लावून खडखडाट, गाळणीतून ग्लासात. शेवटी सालीची एक पट्टी कापली आणि ग्लासावर धरून दोन्ही हातांनी अशी दुमडली की सालीतलं तेल उडालं. खिडकीतून ऊन येत होतं. त्या उन्हात तेलाचे बारीक तुषार मला स्पष्ट दिसले, क्षणभर तरंगले आणि खाली बसले. एकेकाळी त्या एका तुषारासाठी मी हातातलं काम टाकून उभा राहिलो असतो. आता डोळ्यांनी दिसत होतं आणि नाकाला काहीच नाही. बहिऱ्याने घंटेकडे बघत राहावं तसा मी बघत राहिलो. ती म्हणाली, “सगळी गंमत या तेलात आहे, हो ना?” मी म्हटलं, “हो.” तिने ग्लास माझ्यापुढे ठेवला, आणि पिशवीतून एक लहान वही आणि पेन काढलं. “बाबा, तुमच्या पद्धतीने. मार्क लिहा. आणि खरं लिहा, मला वाईट वाटेल म्हणून नाही. तुम्ही चार दिलेत तर मी चार समजेन. बाकी सगळे छानच म्हणतात, त्यांच्या छानला काय अर्थ आहे? तुमचं तसं नाही.”

मी डोळे मिटले. घोट घेतला. आंबट, गोड, गार, आणि जिनची थोडी आग. याच्या पुढे भिंत होती. तोंडात घोळवत मी वेळ काढत होतो आणि डोक्यात हिशेब चालला होता, काय लिहू. सहा लिहिले असते तर ती म्हणाली असती, कुठे कमी पडलं? आणि मी काय सांगणार होतो? साल जास्त, साल कमी, पाक जड, लिंबू पुढे येतंय, असली माझी ठेवणीतली वाक्यं आहेत, पण ती माझ्या तालमीत वाढली आहे, तिने दोन प्रश्नांत मला पकडलं असतं. चांगलं म्हटलं की कोणी पुरावा मागत नाही. मी डोळे उघडले. ती गाळणी हातात धरून उभी होती, आणि जीभ किंचित बाहेर आली होती. मी पेन घेतलं आणि वहीत लिहिलं, नऊ. खाली लिहिलं, काही बदलू नकोस. सही केली. हे मी तिच्यावरच्या मायेने केलं असं मला दुपारभर वाटत होतं. जेवताना वाटलं, आडवा झालो तेव्हाही वाटलं, इतक्या वर्षांनी एक गोष्ट तरी धड केली. तसं नव्हतं. मी घाबरलो होतो, म्हणून नऊ.

तिने तो आकडा वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “आईला सांगायला हवं होतं,” आणि वही बंद करून पिशवीत अगदी खाली, कपड्यांच्या घडीत ठेवली, काचेची वस्तू ठेवावी तशी. ओटा पुसला. एरवी पुसत नाही. जाताना दारात थांबली आणि म्हणाली, “नऊ तुम्ही कोणालाच देत नाही ना?” म्हटलं, नाही. ती हसली. तिचं तसं हसणं मी बघितलेलं नव्हतं, निदान माझ्यामुळे तरी नाही. जिना उतरताना बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या, त्यांचा आवाज मी दाराशी उभा राहून खालपर्यंत ऐकला.

आता साडेचार झाले होते. फोन समोर होता आणि मी साली डब्यात परत भरत होतो, एकेक करून, जणू त्यालाच महत्त्व होतं. नुसतं एवढंच सांगता येईल की रस कडू होणार आहे, वापरू नकोस. पण सकाळी नऊ देऊन दुपारी असा फोन करणारा बाप तिला कसा दिसेल? नेहमीचाच दिसेल. सुखाने सहा तास जाऊ देईना, असं म्हणेल. आणि रस बर्फात आहे. थंडीत कडूपणा हळू चढतो, गार घोटात जाणवतही नाही. ती चाखून बघेल, तिला गोड लागेल, आणि मी खोटा ठरेन. बाटल्या बाहेर येतील, टेबलावर उभ्या राहतील, आठच्या सुमाराला दुसरा ग्लास भरला जाईल, तेव्हा एकेक तोंड वाकडं व्हायला लागेल, आणि मालक तोंडांकडे बघत असेल. तिने विश्वास ठेवायला हवा असेल तर मला का कळलं नाही हे सांगावं लागेल. ते सांगितलं की नऊ गेले. मी बसून राहिलो. न सांगण्याचाही विचार केला, खोटं कशाला बोलू. वीस माणसांच्या तोंडची चव बिघडली तर काय आभाळ कोसळणार आहे, दुसरी नोकरी मिळेल, आणि वहीतले नऊ तसेच राहतील. कडू झाला तर ती दोष संत्र्यांना देईल, मला नाही. हा विचार मी तब्बल एक तास केला. घड्याळात पावणेसहा झाले तेव्हा मी पुन्हा त्या ग्लासातला एक घोट घेतला. चार वाजता होता त्याहून जास्त कडू झाला होता. मी फोन लावला.

“बोला बाबा, पटकन,” मागे काचा आणि बर्फाचे आवाज होते.

“तो रस वापरू नकोस.”

“काय?”

“कडू होतोय. माझ्याकडे उरला होता त्यात आलाय. ती बेंबीवाली संत्री आहेत, ठेवला की बिघडतो. लगेच पिळून दे, नाहीतर दुसरी संत्री आण.”

बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. “गोड आहे,” ती म्हणाली. “मी आत्ता प्यायले. गोड आहे, बाबा.”

“बर्फात आहे म्हणून. बाहेर काढलास की चढेल.”

“सकाळी तुम्ही नऊ दिलेत.” तिचा आवाज खाली आला होता, आणि तो खाली आला की तिची आई बोलते आहे असं वाटतं. “काही बदलू नकोस म्हणून लिहून दिलंत. मी इथे सगळ्यांना दाखवलं ते. मालकाला दाखवलं. आणि आता एक तास राहिला असताना तुम्हाला खोट सापडली? कशी काय सापडतेच हो तुम्हाला?”

“ठकू, ऐक.”

“नाही, तुम्ही ऐका. बेंबीवाली होती तर सकाळी का नाही बोललात? टोपली तुमच्या नाकासमोर होती. ट्रक फाटकात शिरायच्या आधी तुम्हाला कळतं, मी लहानपणापासून ऐकत आलेय ते. तुम्हाला कळलं नाही असं होऊच शकत नाही. म्हणजे कळलं होतं. कळलं होतं आणि तुम्ही गंमत बघत बसलात.”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. एका तासात मी सगळं उलटसुलट करून पाहिलं होतं, पण ती असा अर्थ लावेल हे मला सुचलं नव्हतं. मला मुद्दाम तसं करणारा बाप समजायला तिला एक क्षणही लागला नाही, आणि त्यात तिची चूक नव्हती.

“मला वास येत नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“येत नाही. हिवाळ्यात ताप आला होता, तेव्हापासून. अजिबात नाही. कारखान्यात कोणाला माहीत नाही. तुला सांगायचं नव्हतं.”

मागे कोणीतरी डब्यात बर्फ ओतत होतं. मग तिने फोन बाजूला केला आणि कोणाला तरी मोठ्याने विचारलं, आपल्याकडे पातळ सालीची किती संत्री आहेत, सगळी बाहेर काढा, बाटल्या उचला इथून, हो तिन्ही, प्रत्येक ग्लासाला ताजं पिळायचंय. आवाज अगदी कामाचा होता. मला वाटलं फोन ठेवला. पण ती परत आली.

“मग सकाळी तुम्हाला काय लागलं?”

“आंबट. गोड. गार.”

“बस?”

“जिन थोडी.”

“आणि तेल? मी विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात.”

“उडताना दिसलं होतं.”

मी वाट बघत होतो की ती विचारेल, डॉक्टरांना दाखवलं का, एकटे कसं करता, गॅसचं काय. कोणीही विचारलं असतं. तिने दुसरंच विचारलं, आणि तिला तेच विचारायचा हक्क होता.

“माझं ते चांगलं आहे का, बाबा?”

“मला माहीत नाही, ठकू.”

“बरं,” ती म्हणाली. मागून कोणीतरी तिला हाक मारली, तिने आले म्हणून सांगितलं. मग सरळ, एकेक शब्द मोजल्यासारखी म्हणाली, “ते नऊ मी खोडणार नाही. तो नियम मला माहीत आहे. वही घेऊन येईन एक दिवस, तुम्हीच रेघ मारा. बाजूला सही करा.”

“कधी येशील?”

“येईन,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

ग्लासात तळाला थोडं राहिलं होतं, ते मी संपवलं. चांगलंच कडू होतं. ग्लास विसळून पालथा घातला, ओटा पुसला, तिने पुसला होता तसा. मग टेबलाच्या खणातून माझं कारखान्याचं पेन काढलं. बरेच महिने ते वापरलेलं नव्हतं. चष्मेवालीचे आकडे उतरवायला मी साधं पेन वापरतो. जुन्या बिलाच्या मागच्या बाजूला एक आडवी रेघ मारली आणि शेजारी सही केली. शाई नीट उतरत होती.